टेबलाखालच्या शेवंतीला कुणाच्या घरी द्यावं?

मावशी,
जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या सोसायटीमागच्या नाल्याच्या पाइपात एक कुत्री अडकलेली सापडली. दवाखाना केला, घरी आणली, शेवंती नाव ठेवलं. गावठी आहे, डॉक्टरांच्या अंदाजानं दोन वर्षांची. लशी झाल्या, नसबंदी झाली. पण ती अजून डायनिंग टेबलाखालून निघत नाही. मी खाली बसले तर हातातून खाते, नवरा नुसता उठून उभा राहिला तरी थरथरते. गणपतीत ढोल सुरू झाले की पाण्यालाही तोंड लावायची नाही. मला पाचवा महिना आहे, डिसेंबरात जळगावला माहेरी जाणार. म्हणून घर शोधतेय. 'शांत, प्रेमळ, मुलांत रमणारी' अशी जाहिरात टाकली. एक कुटुंब घेऊन गेलं आणि तिसऱ्या दिवशी 'ही वेडी आहे' म्हणून परत सोडून गेलं. आता दोन घरं विचारतायत. एकांचा बंगला, मोठं आवार, ६ आणि ९ वर्षांची मुलं. धाकटीच्या वाढदिवसाला, येत्या रविवारीच हवी आहे. दुसरे सिन्नरचे निवृत्त शिक्षक, वय ६७, एकटेच, घरी एक म्हातारा कुत्रा. ते म्हणतात, आधी दोन-चारदा येऊन बसतो. नवरा आणि सासूबाई म्हणतात, जिथून आणली तिथे सोड, कायदाही तेच सांगतो. मला बंगला बरा वाटतो, पण मन धजत नाही.
— घालमेल, नाशिक

घालमेल,

बंगल्याला नाही म्हण. सिन्नरच्या सरांना ये म्हण. आणि ती जाहिरात आजच्या आज काढून टाक.

तिला घर मिळावं म्हणूनच तू तसं लिहिलंस, कळतंय मला. पण हा तर कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. दोष झाकून लग्न लावलं की माप ओलांडल्यावर चार दिवसांत सगळं उघडं पडतं; इथे तिसऱ्याच दिवशी पडलं. त्या कुटुंबावर मी फार रागावणार नाही. त्यांना सांगितली होती मुलांशी खेळणारी, आणि घरात आली ती कोपरा धरून बसणारी. वेडी म्हणाले हे मात्र चुकलंच. नवीन जाहिरात अशी लिही:

"शेवंती, गावठी मादी, अंदाजे दोन वर्षांची. नसबंदी, लशी झालेल्या. माणसाला घाबरते, पुरुषांना जास्त. चावलेली नाही, पण कोंडीत पकडू नये. चार महिन्यांत ओळखीच्या बाईच्या हातून खाण्यापर्यंत आली आहे. लहान मुलं नसलेलं, येणंजाणं कमी असलेलं घर हवं. आधी भेटीगाठी, मग निर्णय."

फोन कमी येतील, येऊ देत. हे वाचूनही जो फोन करेल त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे.

ती अशी का, हा प्रश्न तुला रात्री छळत असणार. पिल्लू साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं असताना माणूस, आवाज, भांडीकुंडी, झाडू या सगळ्यांशी त्याची ओळख व्हावी लागते. ते दिवस माणसांपासून दूर, एखाद्या नाल्याकाठी गेले असतील तर पुढे दोन पायांवर उभा असलेला प्रत्येक प्राणी संकटच वाटतो. त्यात काहींचा स्वभावच भित्रा. ती सुधारेल, पण 'नॉर्मल' होईल असं वचन कुणालाही देऊ नकोस. काही कुत्री आयुष्यभर पाहुण्यांच्या वेळी आतल्या खोलीत जातात, आणि बाकी मजेत असतात.

आता बंगला. मोठं आवार बघून आपण भुलतो. घाबरट कुत्र्याला मोठं आवार म्हणजे पळायला चार दिशा आणि फाटकाखाली एक फट. वाढदिवस म्हणजे फुगे, पंधरा पोरं, आणि 'मला धरू दे, मला धरू दे'. ते लोक वाईट नाहीत. त्यांना सांग, धीट, माणसाळलेलं एखादं पिल्लू बघा, आणि तेही केक खाऊन झाल्यावर, शांत दिवशी न्या.

सरांनी मात्र तुझ्याकडे 'कुत्री कधी देता' असं विचारलं नाही, 'येऊन बसतो' म्हणाले. मला तिथेच पटलं. घरात म्हातारा शांत कुत्रा आहे, हेही फार मोलाचं. भित्री कुत्री माणसाकडून शिकत नाहीत तेवढं दुसऱ्या कुत्र्याकडे बघून शिकतात: हा माणूस उठला तरी काही होत नाही, कुकरची शिट्टी झाली तरी जग बुडत नाही. फक्त दोघांची पहिली गाठ घराबाहेर, मोकळ्या जागी घाला, उंबऱ्यात नको.

वयाचं मात्र तोंडावर विचार, संकोच करू नकोस. शेवंतीपुढे अजून दहा-बारा वर्षं असू शकतात. सर आजारी पडले तर तिला कोण बघणार? मुलगी, भाचा, शेजारी, जो कुणी असेल त्याच्याशी तू स्वतः फोनवर बोल. आणि कागदावर लिहून घे की काही कारणानं जमलं नाही तर कुत्री तुझ्याकडेच परत येईल, परस्पर तिसऱ्याला जाणार नाही.

सर आले की ओळखपाळख दारातच उरका. टेबलापासून लांब, जमिनीवर, तिच्याकडे पाठ नाही आणि तोंडही नाही, तिरपं बसायचं. डोळ्यांत बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे करून ठेव. तुकडा टाकायचा तो तिच्या पलीकडे, म्हणजे तो घ्यायला ती माणसापासून दूर जाईल. उलटं वाटतं ना? पण हातातून खायला लावलं की भूक तिला पुढे ओढते, खाऊन संपतं, आणि आपण परक्याच्या किती जवळ आलोय हे कळून ती दचकते. अशा वेळी चावाही बसू शकतो. दूर पाठवलं की सुटल्यासारखं होतं, मग हळूहळू स्वतःहून परत येते. भूक-झोप नसता जांभई, सारखी नाकावर जीभ, डोळ्याचा पांढरा भाग, ताठलेलं अंग दिसलं की त्या दिवशी तिथेच थांबा. सर कंटाळून मोबाइल काढतायत की वर्तमानपत्र उघडून निवांत बसतायत, ते तू बघ. हाच प्रयोग नवऱ्यालाही करायला लाव. माझा अंदाज आहे, शेवंतीनं एकदा त्याच्या पायाशी येऊन वास घेतला की त्याचा सूर बदलेल.

आणि त्याच्या कायद्याचं. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत नसबंदी केलेलं कुत्रं पकडलं तिथेच सोडायचं असं आहे खरं. पण ते रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी, नसबंदी मोहिमेत पकडलेल्यांसाठी. महिनोन् महिने घरात सांभाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा जागी नेऊन टाकणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी त्या नाल्यावर आता दुसऱ्या कुत्र्यांचं टोळकं असणार. ती तिला एक रात्र टिकू देणार नाहीत. सासूबाईंना हे शेवटचंच सांग. काळजी त्यांना तुझी आणि बाळाची आहे. ताणलेला पट्टा तू धरणार नाहीस, एवढं कबूल केलंस तरी त्या निम्म्या शांत होतील. धरूही नकोस, खरंच.

रविवार सोड, दिवाळीआधीही तिला हलवू नकोस. फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत वाजतात. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात लक्ष्मी बॉम्ब ऐकला तर ते घरच तिच्यासाठी स्फोटाचं घर होईल. दिवाळीत तिला आतली खोली, बंद खिडक्या, पंखा आणि रेडिओ दे. औषध लागेल का हे डॉक्टरांना आत्ताच विचार, ऐन धनत्रयोदशीला नको. घरातल्या माणसांच्या झोपेच्या गोळ्या तर मुळीच नकोत. तुळशीचं लग्न झालं की डिसेंबरापर्यंत तुझ्या हातात थोडेच दिवस उरतील, म्हणून सरांच्या भेटी मात्र आत्तापासून सुरू कर.

नेतानाची एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, कारण घाबरट कुत्री बऱ्याचदा याच वेळी हरवतात. साधी कॉलर मान मागे ओढली की सुटते. अंगात छातीभोवती बसणारं हार्नेस, गळ्यात ओढल्यावर आवळणारी मार्टिंगेल कॉलर, दोन्हींना वेगवेगळे पट्टे. गाडीचं दार उघडायचं ते घराचं फाटक बंद झाल्यावरच. सिन्नर हायवेवर सुटलेली घाबरी कुत्री हाकेला येत नाही, मालकाच्याही.

सरांना सांग, पहिले काही दिवस आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, फोटो नाहीत. तुझी एक न धुतलेली चादर सोबत दे, तिच्या टेबलासारखा आडोसा तिथेही कर. तीन दिवसांत धसका जातो, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत आपलं वाटतं असा एक ठोकताळा सांगतात. शेवंतीच्या बाबतीत तिपटीनं धर. आठवड्याला एक व्हिडिओ माग, जळगावला बसून बघशील. आणि तिच्या बिल्ल्यावर सरांचा नंबर घालशील, त्याखाली तुझाही घाल.

— मावशी