सुट्टीवरील कर्मचाऱ्यांना विमान कंपनीने दिवाळीच्या गर्दीत स्वेच्छेने मदतीला बोलावणे योग्य आहे का?

योग्य आहे, मात्र नकार देणाऱ्यावर कसलाही ठपका येणार नसेल आणि त्या तासांचा मोबदला मिळणार असेल, तरच त्याला स्वेच्छा म्हणता येईल. रांगा लावणे, वाट दाखवणे, सामान उचलू लागणे एवढीच कामे त्यांना द्यावीत. वैमानिकांना यातून पूर्णपणे वगळावे, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या सुधारित नियमांत त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली, ती थकव्याचा धोका ओळखूनच.

आमच्या नाशिकच्या ओझर विमानतळावर गेल्या दिवाळीत फराळाचा डबा उराशी धरून गोंधळलेल्या एका आजींना, साध्या कपड्यांतल्या पण गळ्यात ओळखपत्र असलेल्या मुलीने हाताला धरून तपासणीपर्यंत नेले. त्या दिवशी भाऊबीज होती. तिच्या त्या वेळेचे मोल कंपनीने द्यायलाच हवे.