निळी फिल्म लाल झाली, पण कशामुळे?

प्रश्न : फुलपाखराच्या पंखांवरून किंवा पेशींवरून कल्पना घेऊन बनवलेल्या पॉलिमर फिल्म बाष्प, विषाणू ओळखतात आणि नुसता रंग बदलून तसं सांगतात, असं वाचलं. ना बॅटरी, ना यंत्र. इतकं सोपं आहे, तर त्या दवाखान्यात का दिसत नाहीत?

उत्तर : यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉर्फो फुलपाखराचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नव्हे, तर पंखावरच्या खवल्यांच्या सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा. थरांत बाष्प शिरलं की परतणारा प्रकाश जरासा बदलतो. वेगवेगळ्या बाष्पांना हे खवले वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. पण तो फरक टिपायला वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारं उपकरण लागतं. म्हणजे यंत्र आलंच!

नुसत्या डोळ्यांना कळतो तो पेशीवरून सुचलेल्या फिल्मचा रंग. तिचं नाव पॉलिडायअॅसिटिलीन आणि माझं रोजचं काम तिच्याशीच. पेशीच्या आवरणातल्यासारखे तिचे रेणू आपणहून ओळीत लागतात. तोवर फिल्म जवळपास रंगहीन असते. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली की रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात आणि बघता बघता निळा रंग चढतो. कितीही वेळा पाहिलं तरी मला अजून मजा वाटते.

फ्लूचा विषाणू पेशीला चिकटतो तो तिच्यावरच्या सायलिक आम्ल नावाच्या रेणूला धरून. १९९३ मध्ये संशोधकांनी तशाच घडणीचा रेणू या फिल्मवर बसवला. विषाणू चिकटले, आतल्या साखळ्यांना पीळ पडला, आणि जी फिल्म ६४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषत होती ती ५४०च्या आसपासचा शोषू लागली. डोळ्यांना दिसलं ते एवढंच, की निळ्याची लाल झाली.

खरी डोकेदुखी इथून पुढे. साखळीला पीळ पडायला विषाणूच हवा असं नाही. चिमट्याचं टोक जरा जोरात लागलं की तिथे लाल ओरखडा उठतो. तापवली की लाल, अल्कोहोलचा थेंब पडला की लाल. शिवाय एकदा लाल झालेली फिल्म सहसा परत निळी होत नाही. नाकातल्या स्रावात विषाणूबरोबर प्रथिनं, क्षार, चिकट श्लेष्मा असं बरंच काही असतं. त्यातल्या कोणी तिला छेडलं हे ती सांगत नाही. त्यातून विषाणू मोजकेच असतील तर रंग हलतही नाही. अशा बातमीतला देखणा फोटो पाहिला की मी आधी शोधते, शेजारी विषाणू नसलेल्या स्रावात बुडवलेली फिल्म ठेवलीय का.

तरी याच रसायनाचा एक भाऊबंद दवाखान्यात आहेच. लशीच्या कुपीवर वर्तुळात एक फिका चौकोन असतो. त्यातले डायअॅसिटिलीनचे रेणू उष्णतेनं हळूहळू जोडले जातात आणि चौकोन गडद होत जातो. १९९६ पासून तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीवर तो वापरात आला. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती लस द्यायची नाही. तिथे उष्णताच ओळखायची असते, म्हणून काम चोख होतं.