राजीनाम्यावर सही करू नकोस

तपासणी न करताच मशीनच्या चेकलिस्टवर सही करायला तू नकार दिलास म्हणून तुला कामावरून काढतायत, पण तू योग्यच केलंस. आता कंपनीवाले राजीनामा लिहून दे म्हणून मागे लागतील. देऊ नकोस. स्वतःहून नोकरी सोडली असं कागदावर आलं की 'काढलं' हे सिद्ध करताना घाम फुटतो. मी तशी सही करून बसलो होतो, म्हणून कळकळीने सांगतोय.

आज रात्रीच सगळं लिहून काढ: कोणी, किती वाजता, काय करायला सांगितलं, समोर कोण होतं. काढण्याचं कारण लेखी माग. तपासणी केल्याशिवाय सही करायची नाही हा नियम फक्त कंपनीचा होता की कायद्याचा, हेही बघ. कायद्याचा असेल तर तुझी बाजू बरीच भक्कम होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1982 च्या 158 क्रमांकाच्या करारानुसार वाजवी कारणाशिवाय कामावरून काढता येत नाही. पण तो सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, त्यामुळे तुझ्या इथला कायदा कामगार वकिलाकडून किंवा युनियनकडून समजून घे.

त्यांच्याकडे याच आठवड्यात जा. तक्रारीची मुदत काही ठिकाणी जेमतेम काही आठवड्यांची असते. पुन्हा कामावर घ्या, मागचा पगार द्या किंवा भरपाई द्या, यातलं काय मागायचं ते तिथेच ठरव. तोवर 'पूर्ण व अंतिम हिशेब' (म्हणजे आता कंपनीकडून काहीच येणं नाही) असं लिहिलेल्या कागदाला हात लावू नकोस.