डायग्रामवर दोन रेघा, रस्त्याखाली एकच नळी

नव्या नोकरीत कंपनीचं नेटवर्क कसं समजून घ्यायचं आणि त्याच्या नोंदी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझेच जुने दिवस आठवले. तुमची नवी नोकरी, अंधेरी आणि लोअर परळला ऑफिसं, भिवंडीला गोडाऊन, चाळीसेक स्विच (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या), हातात नेटवर्कचा तीन वर्षांपूर्वीचा डायग्राम, तो काढणारा माणूस नोकरी सोडून गेलेला, आणि साहेब म्हणतात, "पंधरा दिवसांत नेटवर्क समजून घे, इंटरनेटच्या दोन लाइन आहेत, काळजी नाही." या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसलोय.

सबनेट, व्हीलॅन, राउटिंग तुम्हाला येतंच असणार, त्यात शिरत नाही. मधला मुख्य स्विच (कोअर) कुठे, त्याखालचे (डिस्ट्रिब्युशन) कुठे, कुठला स्विच कुठल्या पोर्टला, हे सगळं एलएलडीपी (शेजारी कोण ते स्विच एकमेकांना सांगतात तो प्रोटोकॉल) आणि मॅक टेबल (कुठल्या पोर्टला कुठलं यंत्र याची स्विचमधली यादी) बघत बसलात तर आठवड्यात कागदावर येईल. एक मात्र पहिल्याच दिवशी बघा: स्पॅनिंग ट्रीचा (स्विचच्या जाळ्यात ट्रॅफिक गोल गोल फिरू न देणारी व्यवस्था) रूट, म्हणजे प्रमुख स्विच, कोण आहे? कोणी प्रायॉरिटी बदललेलीच नसेल तर सगळ्यांची ३२७६८ असते, मग ज्याचा मॅक अॅड्रेस (यंत्राचा कारखान्यातून आलेला क्रमांक) सगळ्यात लहान तो जिंकतो आणि तो बहुधा सगळ्यात म्हातारा स्विच असतो. आमच्याकडे अख्ख्या मजल्याचा राजा पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हच्या वर बसला होता.

आता मूळ मुद्दा. आमच्याही डायग्रामवर दोन रेघा होत्या. एक निळी, एक हिरवी. इंटरनेट देणाऱ्या दोन वेगळ्या कंपन्या, दोन राउटर, आणि कुठल्या लाइनने जायचं ते राउटरना ठरवू देणारा बीजीपी प्रोटोकॉल. दर तीन महिन्यांनी शनिवारी रात्री मी एका राउटरची केबल उपसायचो, ट्रॅफिक डोळ्याची पापणी लवायच्या आत दुसरीकडे जायची, मी रिपोर्ट पाठवायचो, साहेब खूश.

ही चाचणी दोन प्रकारे खोटी होती. पहिला प्रकार किरकोळ: केबल उपसली की राउटरला पोर्ट पडलेला लगेच दिसतो. खरी तूट रस्त्यात होते. मध्ये कंपनीचा मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या केबलला जोडणारी डबी) किंवा त्यांचा छोटा स्विच असेल तर तुमच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो आणि राउटर बीजीपीचा होल्ड टायमर (समोरून काही आलं नाही तर किती वेळ थांबायचं ते) संपायची वाट बघत बसतो. सिस्कोवर तो न बदलता ठेवला तर १८० सेकंद. बीएफडी (लाइन जिवंत आहे का ते सेकंदाच्या आत तपासणारा प्रोटोकॉल) लावा, कंपनीलाही त्यांच्या बाजूने लावायला सांगा, विषय संपतो.

दुसरा प्रकार महागात पडला. मे महिना संपत आला होता. पावसाळ्याआधी रस्ते उरकायची घाई मुंबईत कशी असते ते सांगायला नको. सकाळी अकराच्या सुमाराला निळी लाइन गेली. मी निवांत, चहा मागवला. चहा यायच्या आत हिरवीही गेली. आमचंही ऑफिस लोअर परळला आणि गोडाऊन भिवंडीला. ईआरपीचा (साठा, बिलं, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर लोअर परळला आणि सगळ्या शाखा तिथूनच फिरून जाणाऱ्या. म्हणजे भिवंडीचं इंटरनेट ठणठणीत, पण ई-वे बिल निघेना, आणि बिलाशिवाय ट्रक गेटबाहेर काढता येत नाही. गोडाऊनच्या मॅनेजरने स्वतःच्या मोबाइलवरून पोर्टल उघडून एकेक बिल हाताने भरलं. त्या दिवशी तो मला जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

दुपारी दोन्ही कंपन्यांची माणसं ओटीडीआर घेऊन आली. ओटीडीआर फायबरमध्ये प्रकाश सोडतो आणि परावर्तन किती वेळाने आलं त्यावरून तूट किती मीटरवर आहे ते सांगतो. निळीवाल्याने सांगितलं, १३४० मीटर. तासाभराने हिरवीवाल्याने सांगितलं, १३५५. मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि पोटात गोळा आला. (फायबरची लांबी म्हणजे रस्त्याचं अंतर नव्हे. चेंबरमध्ये, म्हणजे रस्त्याखालच्या केबलच्या हौदांत, जास्तीची वेटोळी ठेवलेली असतात, त्यामुळे तुटलेली जागा त्या आकड्याच्या अलीकडेच सापडते.) जेसीबीच्या एका घासात दोन्ही गेल्या होत्या. आमच्या दोन्ही कंपन्यांनी लास्ट माइल (इमारतीपर्यंतचा शेवटचा टप्पा) एकाच तिसऱ्या ऑपरेटरकडून भाड्याने घेतलेली. बिलावर नावं दोन, रस्त्याखाली नळी एक. लाइन परत यायला अकरा तास लागले.

चूक कोणाची? माझी. ट्रेसराउट (ट्रॅफिक कुठल्या राउटरमधून जातं ते दाखवणारी कमांड) बघून मी समाधान मानलं होतं, की पहिल्या हॉपपासूनच, म्हणजे पहिल्या राउटरपासूनच, रस्ते वेगळे. पण ट्रेसराउट राउटर दाखवतो, गटाराशेजारची नळी दाखवत नाही. दोन वर्षं त्या ऑफिसात होतो, पण आमची फायबर इमारतीत कुठल्या बाजूने शिरते ते बघायला एकदाही खाली उतरलो नव्हतो.

पुढचे चार महिने आठवले तरी डोकं तापतं. मी फायबरच्या रूटचा रीतसर नकाशा मागितला. दोन्ही कंपन्या म्हणाल्या, रूट आमचा नाही, ऑपरेटरचा आहे. ऑपरेटरच्या ऑफिसात गेलो तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही आमचे ग्राहकच नाही, कंपनीकडून पत्र आणा." पत्र आणलं. "हे अकाउंट मॅनेजरचं आहे, टेक्निकलचं आणा." तेही आणलं. मग "नकाशा बाहेर देत नाही, सिक्युरिटी." नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. शिवाय आमच्या इमारतीचं ऑफिस वेगळंच: केबल वर नेणाऱ्या शाफ्टची चावी ज्याच्याकडे तो फक्त शनिवारी येणार, आणि शनिवारी एनओसीवर (ना हरकत पत्रावर) सही करणारे साहेब नसणार.

शेवटी काम झालं ते एका रात्री फायबरचा जॉइंट मारायला आलेल्या मुलामुळे. चहा-वडापाव सांगितला, गप्पा झाल्या आणि पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता तो मला आमच्या गेटपासून चेंबर दाखवत चालत घेऊन गेला. दीड तासात मला जे कळलं ते चार महिन्यांच्या पत्रव्यवहारात कळलं नव्हतं. इमारतीच्या मागच्या गेटकडून एक वेगळी नळी येत होती, ती कोणीच वापरत नव्हतं. हेही त्यानेच दाखवलं.

म्हणून माझं मत (मत आहे, नियम नव्हे; तुमची इमारत, तुमचा करार वेगळा असेल, वकिलाला विचारा): कंपन्या दोन आहेत का हे विचारूच नका. लास्ट माइल कोणाची, इमारतीत कुठून शिरते, कुठल्या शाफ्टने वर येते, आणि दोन्ही लाइन पहिल्यांदा एकत्र कुठे येतात, हे विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका. नवीन करार करताना रूटचा नकाशा परिशिष्ट म्हणून लावून घ्या, आणि तो हातात येईपर्यंत पहिलं बिल पास करू नका. एकदा सही झाली की तुम्हाला कोणी ओळखत नाही.

नळी एकच असेल तर गच्चीवरून रेडिओ लिंक घ्या. इथे बरेच जण वाद घालतील. साठ-ऐंशी गिगाहर्ट्झच्या लिंक वेगवान असतात, पण जुलैच्या पावसात नेमक्या हव्या तेव्हा आडव्या पडतात. पाच गिगाहर्ट्झला पाऊस फारसा बाधत नाही, पण मुंबईत त्या पट्ट्यात इतकी गर्दी आहे की वेग बेताचाच मिळतो. मी तरी बेताचा वेग पत्करला. ईआरपी आणि ई-वे बिल चालतं, व्हिडिओ मीटिंग चालत नाही. त्या दिवशी मीटिंग झाली नाही तरी कोणी रडत नाही.

आणखी एक, जाता जाता. केबलला लेबल दोन्ही टोकांना लावा, आणि टेबलनंबर लिहू नका, माणसं टेबल बदलतात. पॅच पॅनलचा (रॅकमध्ये सगळ्या केबल जिथे येतात ती पट्टी) पोर्ट लिहा. आणि हे सगळं करताना इमारतीच्या इलेक्ट्रिशियनशी ओळख ठेवा. यूपीएस कुठल्या फेजवर आहे ते फक्त त्यालाच माहीत असतं.

नोंदींसाठी सॉफ्टवेअर कुठलं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नेटबॉक्स फुकट आहे, चांगलं आहे. रॅक, केबल, आयपी, सर्किट (कंपनीकडून घेतलेली लाइन) सगळ्याची नोंद त्यात ठेवता येते. पण त्यात "सर्किट दोन" असं भरायच्या आधी एकदा खाली उतरून या. आणि अंधेरीच्या शाफ्टची चावी कोणाकडे आहे ते कळलं की इथे लिहा, मलाही उत्सुकता आहे.