महाराष्ट्रात सुगंधित तंबाखू विकण्यावर बंदी आहे का?

होय, आहे. राज्यात जुलै 2012 मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली आणि पुढच्याच वर्षी सुगंधित तंबाखू आणि खर्रा व मावा या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणांचाही तीत समावेश झाला. अन्नसुरक्षा कायदा, 2006 च्या कलम 30 नुसार अन्नसुरक्षा आयुक्तांना अशी बंदी एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षासाठीच घालता येते, म्हणून दरवर्षी नवा आदेश काढावा लागतो, आणि त्यामुळेच ‘बंदी उठली’ अशी अफवा पसरते. साध्या तंबाखूला हा आदेश लागू नाही. मात्र ती अठरा वर्षांखालील व्यक्तीला किंवा शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत विकणे वेगळ्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. विदर्भातील खर्रा पानटपरीवर समोरच घोटून मिळतो, त्यामुळे तिथे अंमलबजावणी, माझ्या मते, सर्वांत अवघड आहे.