ब्रिटिशकाळात मुंबईच्या गिरणगावात गरिबांच्या मुलांचं बालपण कसं जायचं?

दाटीवाटीत. १९२०च्या दशकात वरळी, नायगावला सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींतही खोली जेमतेम १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्यात कुटुंब, वर गावाकडचे भाऊबंद. रात्रपाळीचा माणूस सकाळी दारात उभा राहिला की पोरांनी अंथरूण मोकळं करायचं. निजायला गॅलरी. दिवस गिरणीच्या भोंग्यावर सुरू व्हायचा.

चाळीतल्या आपुलकीच्या आठवणी खऱ्याच आहेत, पण त्याआधीच्या पिढीचे हाल विसरले जातात याचं मला फार वाईट वाटतं. १८८१च्या कारखाना कायद्याने ७ वर्षांच्या पोराला दिवसाला ९ तास राबवायची मुभा होती. एवढंसं पोर, नाकातोंडात कापसाची पूड, सुताने भरलेल्या बाबिनी (रिळं) काढून रिकाम्या लावतंय! वयाची अट १२वर यायला १९२२ उजाडलं.