जुना पीसी सेटिंग बदलून फास्ट होईल का? (विंडोज 10, 4 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क)

होतो की, पण थोडाच. सिडकोला आमच्या घरी अगदी असाच डबा आहे, सकाळी बटन दाबून चहा टाकायचा, चहा पिऊन झाला की डेस्कटॉप दिसायचा.

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअप टॅबमध्ये जे काय आपोआप चालू होतंय त्यातलं नको ते डिसेबल करा, प्रोग्राम डिलीट होत नाही त्यामुळे घाबरू नका, फक्त अँटीव्हायरसला हात लावू नका. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

मग स्टार्टमध्ये 'परफॉर्मन्स' टाइप करून 'अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स'वालं उघडा आणि 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडा. पण एक करा, फॉन्टच्या कडा स्मूथ करणारी टिक परत लावा, नाहीतर मराठी अक्षरं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतात, मी दोन दिवस तसंच वाचत बसलो होतो. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर तोही मोकळा करा. रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही 'साफ' करतो म्हणणारी सॉफ्टवेअरं) वगैरेच्या नादी अजिबात लागू नका.

खरं सांगू का, एवढं करूनही रडत असेल तर कॉम्प्युटरच्या दुकानात चक्कर मारून 256 जीबीची एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा खूप फास्ट डिस्क) बसवून घ्या, सेटिंगनं तेवढा फरक कधीच पडणार नाही. आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद झालेत, तेव्हा नेट बँकिंग त्याच्यावर जपून.